सगुणदादाने सोडवलेला खांब

कोरगावहून फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. सगुणदादाचा मुलगा म्हणाला, "काका, बाबा सकाळी गेले." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला चहा प्यायलो. चहा अजून गरम होता. त्याला आता पाच आठवडे झाले, मला रडू आलेलं नाही. बायको म्हणते, येईल कधीतरी. मला वाटतं, आधी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, त्याशिवाय ते यायचं नाही.

गोवा घटकराज्य झालं त्यानंतरची ही वर्षं. मी डिचोलीचा, तो पेडण्यातल्या कोरगावचा. दोन्ही तालुक्यांत तेव्हा रूळ औषधालाही नव्हता आणि आम्ही दोघे पोटासाठी रेल्वेत. घाटाखालच्या एका लहान स्टेशनावर मी तिकीटखिडकीत बसायचो, तो चावीवाला होता. चावीवाला म्हणजे खांद्यावर हातोडा आणि लांब पाना टाकून रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी बघत जाणारा, ढिलं झालेलं ठोकून घट्ट करणारा माणूस. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला ढिलं काही बघवत नाही. सुट्टीला आम्ही एकत्र घरी निघायचो, तेव्हा पणजीच्या बसमध्ये सीटचा नट खुळखुळला की हा खिशातून छोटा पाना काढायचा. कंडक्टर ओरडला की म्हणायचा, "तुझीच बस घट करतंय मरे, घराक न्हेत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, त्याला काही नाही.

फलाटाच्या टोकाला बिडाचा एक उंच खांब होता, कोळशाच्या इंजिनांना पाणी पाजणारा. ती इंजिनं जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगुणदादा दर महिन्याला खांबाच्या फिरत्या सोंडेला ग्रीस लावायचा. कोणी सांगितलं नव्हतं. मी चिडवायचो, "दादा, म्हाताऱ्याक हळद कित्याक लायतंय?" तो सोंड एका बोटाने ढकलून दाखवायचा. "फिरता मां अजून? मगे?"

मग मीटरगेजचे छोटे रूळ जाऊन ब्रॉडगेजचे मोठे येणार असं ठरलं, आणि जुन्या वस्तूंना पाय फुटले. आधी फलाटावरची पितळी घंटा गेली, मग सिग्नलचे दिवे, मग गोदामाच्या दाराच्या कड्यासुद्धा. सगळं भंगारात. कोण नेतं ते कुणाला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही कुणाला नव्हती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक ट्रक आला. चार माणसं, सोबत गॅसची टाकी. त्यांच्यातल्या म्होरक्याने माझ्या खिडकीतून एक टाईप केलेला कागद आत सरकवला. मी त्यावरचा गोल शिक्का बघितला, मजकूर वाचला नाही. खिडकीपुढे गिऱ्हाईक उभं होतं. "घ्या," म्हटलं.

सगुणदादा रुळांवरून परतला तोवर त्यांनी गॅस पेटवला होता. त्याने लांबूनच मला ओरडून विचारलं, "कागद आसा तेंच्याकडे?" मी हो म्हणून मान हलवली. मग तो त्यांच्यावरच धावून गेला. "कापू नकात रे! एकूण एक नट सुटता. थांबा, मी पानो हाडतंय." गंजलेल्या नटांवर त्याने रॉकेल सोडलं, आपल्याच पान्याने अडीच तास खपून सगळे सोडवले. दोर कुठे बांधायचा तेही त्यानेच दाखवलं. पाळण्यातून पोर उचलावं तशी ती सोंड खाली घेतली, आणि वर त्या चौघांना पावाचे उंडे आणि चहा. कुठे नेता, असं त्याने विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, म्युझियमला. तो दिवसभर खूश होता. "बरां झालां मरे," म्हणाला, "लोक बघतले तरी."

तिसऱ्या दिवशी कळलं, असा हुकूम कोणी काढलाच नव्हता. डिचोलीजवळच्या एका भंगारवाल्याकडे सोंड तेवढी मिळाली, बाकीचं भट्टीत गेलं होतं. भंगारवाला पोलिसांना म्हणाला, एक तडा नाही साहेब, कसबी माणसाचं काम आहे. तेवढं पुरलं. चौकशी खिडकीजवळच, माझ्यासमोर झाली.

"नट तुम्ही सोडवून दिले?"

"दिलंय."

"का?"

सगुणदादाने खांबाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाला, "ते कापी हुते..."

पुढचा जबाब माझा होता. मी लिहिलं की चावीवाल्याने स्वतःच्या हत्याराने नट सोडवून दिले. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त तो कागद आधी माझ्या हातात आला होता आणि मी मान हलवली होती, एवढं लिहिलं नाही. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलेलं होतं. सगुणदादा समोर बसला होता. तो म्हणू शकला असता, ह्याला विचारा. तो म्हणाला नाही.

गुन्हा शाबीत झाला नाही, पण हातोडा-पाना काढून घेतला आणि बदली झाली. गावात मात्र रेल्वेचं लोखंड विकणारा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पेडण्याला रेल्वे आली, पहिली गाडी बघायला सगळं कोरगाव गेलं. हा घरी राहिला. मी दर चतुर्थीला त्याच्याकडे जायचो. तो हळदीच्या पानातल्या गोड पाटोळ्या वाढायचा, पोरांची चौकशी करायचा. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी भित्रा आहे, दुसरं काय.

बाराव्याला गेलो तेव्हा वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. त्याची लोखंडी खाट बाहेर काढायची होती, पण ती खोलीतच जोडलेली, दारातून जात नव्हती. "भावजी, तुमी रेल्वेतले. सोडवून दियात." मी पाना लावला. नट हलेना. खाली वाकून बघितलं, तर बोल्टाचं पुढे आलेलं टोक हातोडीने ठोकून चपटं केलेलं. दुसऱ्याचं तसंच. आठही तसेच.

"त्या वर्सा घरातले सगळे नट तेंनी असे ठोकून घातले," वहिनी म्हणाली. "पंपाचे, गेटीचे... म्हणत, आता कोणाकय सोडूक येवचां नाय. आमचो झिल म्हणता, गॅसवाल्याक हाडून कापया."

तेव्हा मी तिला कागदाचं सांगितलं. उभ्याउभ्याच, सगळं. ती खिडकीकडे बघत ऐकत राहिली.

"तेंका म्हायत हुतां?"

"हो."

मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली गादी तिने उचलली, खाटेवर परत पसरली आणि हाताने सारखी केली. "कापूक नाका," म्हणाली. "ऱ्हावंदे."

ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली. मी खाटेवर बसलो. खाट जरासुद्धा हलली नाही.