ती शिट्टी कोणाची?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीची वीज एका संध्याकाळी पंधरा मिनिटं मुद्दाम बंद ठेवण्यात आली होती, आणि त्याचं कारण मी होतो. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हसतात. (पूर्वी बघतही नव्हते. म्हणजे फायदाच झाला म्हणायचा!)

भानगड माझ्या रेडिओची. हल्ली मोटारीत वाजतो तो नव्हे. त्यात एक पोरगा आणि एक पोरगी दिवसभर एकमेकांच्या बोलण्याला हसतात आणि दमले की गाणं लावतात. माझा रेडिओ शॉर्टवेव्हचा. सुई केसभर सरकवली की एक देश जाऊन दुसरा यायचा, आणि तो येताना खरखर, घुंईघुंई, शिट्ट्या असं सगळं वऱ्हाड घेऊन यायचा. त्या गोंगाटातून माणसाचा आवाज वेचून काढायचा, तर कान रेडिओला चिकटवावा लागे. माझा उजवा कान त्या जाळीला घासून घासून मोठा झालाय, असं आमची आई मरेपर्यंत म्हणत होती.

कळवणला असताना मी रेडिओ श्रोता संघ चालवायचो. अध्यक्ष मी, सचिव मी, आणि सदस्य माझा धाकटा भाऊ. (क्रिकेट असलं की तोही गैरहजर.) आम्ही परदेशी स्टेशनांना पत्रं लिहायचो, कार्यक्रम कसा वाटला, आवाज किती स्पष्ट आला. ते लोक कॅलेंडरं पाठवायचे, स्टिकर पाठवायचे, आणि एके दिवशी त्यांच्या हिंदी निवेदिकेने सातासमुद्रापलीकडून म्हटलं, "कळवण, ज़िला नासिक से यशवंत अमृतकर लिखते हैं..." अहाहा! पेठेतून चालताना लोक दुकानाबाहेर येऊन बघायचे. घोटीचे तांदळाचे व्यापारी आमचे सासरे झाले ते तेवढ्यावरच. "पोराचं नाव परदेशात घेत्यात, अजून काय पाहिजे?" म्हणाले. आमची ही, शैला, आजही सांगते, "आमच्या बाबांनी तांदूळ हातात घेऊन पारखला असता, जावई मात्र नुसता ऐकून घेतला!"

आता ती स्टेशनं एकेक करून मेली. कोणी सुतकसुद्धा पाळलं नाही. सुई फिरवावी तर जिथे माणसं बोलायची तिथे नुसतं फूऽऽस. आणि जग म्हणे जवळ आलंय! तेव्हा परक्या देशातली बाई माझं पत्र शेवटपर्यंत वाचायची. आता पलीकडच्या खोलीतला सख्खा मुलगा माझा मेसेज वाचतो, दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. मी जेवायला बोलावतो तरी अंगठा येतो.

तर त्यातलं एकच हिंदी स्टेशन उरलं होतं. परवाच्या थंडीत त्यांनीही जाहीर केलं की आम्हीही बंद होतोय, आणि शेवटच्या कार्यक्रमात जुन्या श्रोत्यांची पत्रं वाचू. मी पानभर पत्र लिहिलं. आमची सून ऋता गुणाची पोर, तिने त्याचा फोटो काढून ईमेलने पाठवलं. उत्तर आलं, आपका पत्र अवश्य पढ़ा जाएगा. खोटं कशाला बोलू, ते उत्तर मी चार वेळा वाचलं. सासरे गेले, भाऊ गेला, श्रोता संघ गेला. माझं नाव त्या हवेतून एकदा, शेवटचं एकदा यायला हवं होतं. बाकी मला या जगाकडून काही नको होतं.

पण शिट्टी!

दिवाळीनंतर रेडिओत एक नवीच शिट्टी सुरू झाली होती. जुन्या शिट्ट्या मला तोंडपाठ. त्या वरखाली होतात, लांब जातात. ही एकसुरी, बारीक, डोक्यात जाणारी. नेमकं स्टेशन लागावं, मी कान लावावा आणि टीऽऽऽ!

"शैला, ऐकू येतेय ना तुला?"

"अहो, चाळीस वर्षं ऐकतेय. तुमचा रेडिओ कधी शिट्टीशिवाय वाजलाय?"

मला कारण माहीत होतं. (मला कारण नेहमीच माहीत असतं.) हे एलईडी दिवे, हे चार्जर, हे इन्व्हर्टर. पूर्वी वीज गेली की रेडिओ कसा स्वच्छ लागायचा! आता वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर जास्तच बोंबलतात. मग मी रेडिओ छातीशी धरून दारोदार फिरायला लागलो. जोशीबाईंच्या माशांच्या टाकीची मोटर मी बंद करायला लावली. त्यातला एक मासा गेला. तो म्हातारा होता असं मी सांगून पाहिलं, पण जोशीबाई म्हणाल्या, "काका, म्हातारे जात नसतात हो सहजासहजी." यात टोमणा होता असं शैलाचं मत आहे.

शेवटी मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. पंधरा मिनिटं सगळ्या इमारतीची वीज बंद, इन्व्हर्टर बंद, लिफ्ट बंद! आमचे चेअरमन खैरनार सटाण्याकडचे. शांत असले की पुणेरी बोलतात, डोकं फिरलं की अहिराणीवर येतात.

"काका, हाई काय शे? एका डब्यासाठी सगळ्यांना अंधारात बसवू?"

"डबा नाही खैरनार, रेडिओ. आणि माझं नाव घेणार आहेत."

"मी घेतो ना तुमचं नाव! रोज घेतो!"

हे मात्र खरं होतं. गच्चीवर मी रेडिओसाठी तांब्याची लांब तार बांधली होती आणि खैरनारांच्या घरचे पापड वाळत घालताना ती आडवी यायची. मग सौदा ठरला. पंधरा मिनिटं मला द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तार कायमची काढायची. मी हो म्हणालो. स्टेशनच राहणार नव्हतं, तार ठेवून काय गळफास घ्यायचा होता?

त्या संध्याकाळी सगळी सोसायटी गच्चीवर आली. घरात टीव्ही नाही, वाय-फाय नाही, जातील कुठे? गारठा असा की दातावर दात. शैलाने माझ्या डोक्यावर कानटोपी घट्ट खेचली आणि हनुवटीखाली बंद बांधला. कोणी शेंगदाणे आणले, कोणी सतरंजी. खैरनारांनी खालून मेन स्विच पाडला आणि धापा टाकत जिने चढून आले.

"करा आता सुरू तुमचं कीर्तन!"

मी रेडिओ तारेला जोडला. सुई सरकवली. खरखर... घुंई... आणि आली! तीच निवेदिका. आवाज पिकला होता, पण तीच. "नमस्कार, यह हमारी आख़िरी सभा है..." माझ्या अंगावर काटा आला. पोरंटोरं गप्प झाली. मी रेडिओ उचलला, सवयीने कान लावला.

टीऽऽऽऽ!

"कोणाचा इन्व्हर्टर चालू आहे?" मी ओरडलो.

"कोणाचाच नाही, काका!"

"जोशीबाई, मासे?"

"एकच उरलाय हो, तो गप्प आहे!"

टीऽऽऽऽ! आता तर थांबेचना. मी रेडिओ आणखी घट्ट दाबला. शिट्टी वाढली. मी गच्चीभर फिरलो. हे मोबाइल बंद करा, तो टॉर्च बंद करा, तुझ्या बुटातला दिवा काढ! एका पोराला मी गच्चीवर अनवाणी उभा केला.

"अहो काका, स्टेशन मस्त लागलंय!" खैरनार म्हणाले.

"काय मस्त? शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येते ना! पण ती..."

"मग शोधा! कोणाची आहे ती!"

ऋता माझ्यामागे धावत होती. "बाबा, थांबा. बाबा, रेडिओ खाली ठेवा." तिने रेडिओ माझ्या हातातून काढून सतरंजीवर ठेवला. शिट्टी कमी झाली, पण थांबली नाही. रेडिओ तिकडे, शिट्टी इकडे! मग तिने माझ्या कानटोपीचा बंद सोडला आणि टोपी वर उचलली.

शिट्टी बंद.



"बाबा," ऋता हळूच म्हणाली, "तुमचं कानातलं मशीन."

दिवाळीत मुलाने मला ऐकायचं मशीन आणून दिलं होतं. ते बसवणाऱ्या बाईने बजावलं होतं, आजोबा, मशीनला काही चिकटवू नका, दाबू नका, शिट्टी मारेल. तिचा शब्द न् शब्द मला त्या दिवशी नव्याने स्पष्ट ऐकू येत होता. त्याचंच मला इतकं अप्रूप की ती काय सांगतेय याकडे माझं लक्षच नव्हतं.

रेडिओतून आता नुसतं फूऽऽस येत होतं. कार्यक्रम संपला होता. स्टेशन संपलं होतं.

"माझं नाव?" मी विचारलं.

खैरनार शेंगदाण्याची टरफलं गोळा करायला लागले. मग जोशीबाई म्हणाल्या, "घेतलं हो, काका. किती छान घेतलं."

"काय म्हणाली?"

"तुम्ही ओरडत होतात ना तेव्हा, त्यामुळे नीटसं..."

शैलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "कळवण म्हणाली," ती म्हणाली. "आपण नाशिकला आलो तरी कळवणच म्हणाली अजून." आणि तिने माझी कानटोपी परत नीट केली, या वेळी कान उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी तार उतरवली. खैरनारांनी वर जास्तीचे पापड घातले, आणि दोन तळून आमच्याकडे पाठवलेही. माणूस वाईट नाही. त्यांच्या पोरीने गच्चीवर मोबाइलवर सगळं टिपलं होतं, तो व्हिडिओ तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी दार लावून घेतलं, मोबाइल कानापासून शहाण्यासारखा हातभर लांब धरला आणि लावला. पंचेचाळीस वर्षांनी ती बाई पुन्हा म्हणाली, "और कळवण, ज़िला नासिक से हमारे सबसे पुराने श्रोता, श्री..." आणि तिथून पुढे अगदी स्वच्छ, खणखणीत, खरखर नाही की शिट्टी नाही, एकच आवाज येतो:

"गप्प बसा रे सगळे, मला ऐकू द्या!"