पोत्यातली हलगी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ओतीव भागांची मापं घ्यायची आणि केसभर फरक पडला तरी माल बाजूला काढायचा, हे माझं काम. माझ्या उजव्या हाताची नखं वाढलेली असतात, कारण मी गिटार बोटांनी वाजवतो. अंगठ्यानं खर्जातले सूर धरायचे आणि उरलेल्या बोटांनी वर चाल चालवायची. शॉपफ्लोअरवरची मंडळी विचारायची, "साह्येब, नेलपालिश कवा लावणार?" मी चिडायचो. चिडणं मला पटकन जमतं.

माझा मित्र त्याच कारखान्यात मेंटेनन्सला. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले. मी शेतकऱ्याच्या घरातला आणि तो गावकीची हलगी वाजवणाऱ्यांच्या घरातला. मिरवणूक असो, म्हाईची जत्रा असो की मयत, गावातून निरोप आला की त्याच्या वडिलांनी जायचंच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जेवायला वाढायचे ते अंगणात, तेही शिवू न देता, वरून. एक दिवस त्यांनी हलगी पोत्यात घातली आणि बायकापोरांना घेऊन गाव सोडून शहरालगत उचगावला बिऱ्हाड केलं. "वाजवायची तर न्हायच, पर कुणाला दावायची बी न्हाय," असं त्यांनी पोरांना बजावलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

ते वारले तरी मित्रानं पोतं माळ्यावरून काढलं नाही. पण हाताला ताल होताच. मशीनचे सुटे भाग येतात त्या प्लायवूडच्या खोक्यातून त्यानं काहोन बनवला. ज्यावर बसायचं आणि ज्याच्या पुढच्या फळीवर हातानं वाजवायचं, ते परदेशी वाद्य. मग आफ्रिकेतला जेंबे ढोल आणला. मी एकदा विचारलं, तुला हीच वाद्यं का आवडतात? "भावा, ह्या खोक्याला आपल्या गावात कोण वळखत न्हाय," तो म्हणाला. मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

तिसऱ्या आमच्या बाई. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, राजारामपुरीत एकट्या राहणाऱ्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या. दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही तिघं बसायचो. व्हायोलिनचा सूर लांब, गिटारचा तुटक, त्यामुळे दोघांची सांधेजोड करताना महिनेच्या महिने गेले. बाई गज ओढायला लागल्या की माझी गिटार कुठल्या कुठे बुडायची, आणि मी जोर लावला की त्या गज थांबवून चष्म्यावरून बघायच्या. "भांडायला आलायस की वाजवायला?" मित्र खोक्यावर बसून आमच्यात समेट घडवायचा. तरी मला काहीतरी कमी वाटायचं. सगळं गुळमुळीत लागायचं. एखादा कोरडा, कडक आवाज मधून चिरत जायला हवा होता. तो आवाज कुठे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी त्याच्या मागे लागलो. डबा खाताना, बसची वाट बघताना, रविवारी, सतत तेच. हे जगाचं संगीत आहे, त्यात आपल्या मातीचं वाद्य नको का, असली भाषणं मी त्याला दिली. तो "बघू" म्हणायचा. शेवटी एका रविवारी तो पोतं घेऊन आला. "फकस्त ह्या खोलीत," म्हणाला. "तुझ्यासाठी."

हलगीचं चामडं शेकल्याशिवाय ती बोलत नाही. बाईंच्या हॉलमध्ये जाळ कुठून करणार? त्यानं कारखान्यातली हॉट एअर गन मागून आणली होती. तो गरम हवेनं चामडं तापवत गेला, मधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावत राहिला. मग डाव्या हातात बारीक लांब काडी, उजव्या हातात आखूड टिपरू. हलगी मैदानाची आणि गिटार खोलीतली, म्हणून तो आठ पावलं मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, चामड्याला मागून टॉवेल लावला आणि टिपरू जवळजवळ न उचलता वाजवलं. माझ्या अंगठ्याच्या प्रत्येक खर्जानंतर तो टणत्कार यायचा आणि बाईंचा गज त्याच्यावरून पुढे सरकायचा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्राकडे बघायला मला सुचलंच नाही. मी पुढच्या कार्यक्रमाचा विचार करत होतो.

कार्यक्रम ठरल्यावर मी पोस्टर करून घेतलं. गिटार, व्हायोलिन आणि हलगी. फोटो त्याच रविवारचा, मी मोबाइलवर काढलेला. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. पोस्टर गावाच्या ग्रुपवर गेलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून मी आमच्या थोरल्या चुलत्यांना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर माझ्या गिटारला 'तुणतुणं' म्हटलं होतं. लोकं उठून टाळ्या वाजवतात ते त्यांना दाखवायचंच, या एका हौसेपोटी मी हे केलं.

मित्रानं पोस्टर पाहिलं. मग म्हणाला, "आता छापलंयस तर वाजवतो. पोरगी येनार हाय माजी. तिनं कवा बघितलं न्हाय." त्याची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती.

लोकं खरोखरच उठली. इतकं चांगलं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही.

मग सत्कार. चुलत्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. मला शाल पांघरली, पाठीवर थाप मारली. मित्राच्या समोर ते आले तेव्हा शालीची घडी त्यांनी मोडली नाही. त्यानं दोन्ही हात पुढे केले होते. त्या हातांच्या वर वीतभर अंतरावरून त्यांनी घडी सोडली, आणि तिच्यावर नारळ सोडला. नारळ घरंगळला. मित्रानं तो छातीशी धरून अडवला. सभागृहात कुणाला काही वेगळं दिसलं नसेल, टाळ्या चालूच होत्या. मला दिसलं. तिसऱ्या रांगेत त्याची मुलगी टाळ्या वाजवायची थांबली, तेही दिसलं.

बाहेर आल्यावर चुलते त्याच्याकडे वळले. मुलगी शेजारीच होती. "बापानं हलगी सोडली आन गाव सुनं पडलं बघ," ते मोठ्यानं म्हणाले. "हात त्योच हाय तुजा. म्हाईला यायचं आता, आं? निरोप धाडतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो. का हसलो? वेळ मारून न्यायला, चुलत्यांचा मान राखायला, कार्यक्रमाचा आनंद नासू नये म्हणून. कारणं पुष्कळ सापडतात. मी "व्हय व्हय, येतोय की त्यो" असंसुद्धा म्हणालो. त्याच्या वतीनं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. कार्यक्रमासाठी पुन्हा नेलेली हॉट एअर गन जागेवर ठेवली, सही केली. माझ्याशी कामाचं बोलला. रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "तू तेव्हा काय म्हणालास चुलत्यांना?" बाईंनी व्हायोलिन पेटीत ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात मी उचगावला त्याच्या घरी गेलो. दार मुलीनं उघडलं. दाराच्या आतच पाण्याची बादली होती आणि तिच्यात हलगी बुडवून ठेवलेली. चामडं फुगून पांढरंफटक पडलं होतं, कडेनं सुटलं होतं. आता ती कितीही शेकली तरी बोलणार नव्हती.

"माझं चुकलं," मी दारातूनच म्हणालो. "पोस्टर विचारून करायला पाहिजे होतं. चुलते जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्या मनात..."

"काका," मुलगी मध्येच म्हणाली, "त्यांचं र्‍हाऊ द्या. तुम्ही हसलासा."

आतून मित्र आला. टॉवेलला हात पुसत होता. शाळेपासून चाळीस वर्षं त्यानं मला भावा सोडून दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. त्यानं खुर्ची पुढे ओढली, फडक्यानं पुसली आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "बसा पावणं. च्या घिऊन जावा."