बाजारामागची खानावळवाली

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मी अमरावतीत एका अडत्याकडे कारकून होतो. दुपारी बाजारामागच्या खानावळीत जेवायचो. ती चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. हिवाळा लागला की त्या सगळं जेवणच बदलायच्या: वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी. बोलत नसत, पण भाकर संपायच्या आत दुसरी ताटात पडे.

एकदा माझे शेठ पाहुणे घेऊन तिथे आले. जागा नव्हती. त्यांनी मला खुणावलं आणि मी जेवणाऱ्या गाडीवानांना म्हणालो, "उठा, बाहेर बसून जेवा." दोघं ताट घेऊन उठलेही.

बाई चुलीपासून आल्या. हातात उलथनं तसंच होतं, पण आवाज चढला नव्हता.

"बसा रे. भरल्या ताटावरून कोनी कोनाले उठवत नाही." मग शेठकडे वळल्या. "भाव कापसाले आला हाये, तुमाले नाही."

शेठ तणतणत निघून गेले. मी मागोमाग निघालो, तशा त्या म्हणाल्या, "अन् तुमी तं रोज इथंच जेवता."

शेठवरचा संताप आठवड्यात ओसरला. स्वतःवरचा अजून धुमसतो. त्या खानावळीत पुन्हा पाय ठेवायची मला हिंमत झाली नाही.