हिरव्या ठिपक्याची नोकरी

माझं काम नक्की काय, हे मला आजवर एकाही नातेवाइकाला धड समजावून सांगता आलेलं नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर त्यांचं भागतं, आणि आता माझंही. खरं तर मी पहारेकरी आहे. पुण्यातल्या एका कंपनीचे लॅपटॉप देशभर माणसांच्या घरी, गाड्यांत, हॉटेलांत पसरलेले असतात. नगरजवळ भिंगारला, आमच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून मला ते सगळे एका पडद्यावर दिसतात, प्रत्येक लॅपटॉपचा एक ठिपका. नियमात असेल तर हिरवा, नियम मोडला की लाल. लाल ठिपक्यांचे हिरवे करत राहायचं, ही माझी नोकरी.

नियम तसे साधे आहेत. पेनड्राइव्ह लावायचा नाही. आपल्या मनाने त्यात काही टाकायचं नाही. अपडेट आलं की होऊ द्यायचं. जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करायची, आणि दुसऱ्या कुणाचा हात लॅपटॉपला लागू द्यायचा नाही. पण माणसाला नियम सांगितला की त्याच्या अंगात येतं. एका गृहस्थांनी पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेलाच चिकटवला होता, आणि लॉगिन होत नाही म्हणून त्या कागदासकट फोटो काढून मलाच पाठवला. दुसऱ्या एकाला कंपनीच्या लॅपटॉपवर मेहुण्याच्या लग्नाचे फोटो बघायचे होते आणि पेनड्राइव्ह चालत नाही म्हणून तो माझ्यावर असा भडकला, जणू मीच ते लग्न मोडलं. 'अपडेट नंतर करू' म्हणत लोक दिवस ढकलतात आणि ऐन मीटिंगमध्ये लॅपटॉप आपणहून बंद होऊन सुरू झाला की शिव्या मला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी दिवसभर गोड आवाजात तेच ते सांगत असते आणि फोन ठेवला की दात-ओठ खाते.

हे सगळं मी सहन केलं असतं. लोक परके होते, आणि फोन ठेवता येत होता. पण माझी खरी परीक्षा घरातच बसली होती, इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशाला पेन लावून.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, इथल्याच एका लष्करी कचेरीत सिव्हिलियन क्लार्क होते. गेटपासच्या खिडकीवर त्यांची सगळी नोकरी गेली. गवंडी असो, दूधवाला असो, ठेकेदाराचा माणूस असो, आत जायचं तर आधी बाबांपुढे उभं राहायचं. नाव, बापाचं नाव, गाव, काम काय, किती दिवस. बाबा टाइप करत, साहेबांची सही होई, मग पास. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याला काही कामासाठी आत जायचं होतं, तर पासवर सही झाली नाही म्हणून बाबांनी त्याला भर उन्हात गेटबाहेर उभं केलं होतं. सासूबाई होत्या तोवर दर दिवाळीला ही गोष्ट निघायची आणि दर दिवाळीला बाबा शांतपणे म्हणायचे, "सही नव्हती."

गेल्या काही वर्षांत बाबांची आठवण झिजत चाललीय. आधी चष्मा हरवायचा, मग जेवलो की नाही ते आठवेना, आता माणसंही आठवत नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि यांना एकटं सोडू नका म्हणाले. नवरा कोपरगावकडे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, हंगाम सुरू झाला की त्याला रविवारही नसतो. म्हणजे राहिले मी. कंपनीने मला घरून काम करायची परवानगी दिली ती यासाठीच. ती परवानगी गेली तर मला पुण्यात खोली घेऊन राहावं लागणार आणि बाबांना नगरमधल्या एखाद्या वृद्धाश्रमात. हा शब्द नवरा आणि मी एकदाच उच्चारला.

बाबा सकाळचा चहा झाला की कामावर निघतात. पूर्वी फाटकापर्यंत जायचे, मी हाताला धरून परत आणायची. माझा लॅपटॉप घरात आला आणि त्यांना कचेरी घरातच सापडली.

पहिल्यांदा घडलं तेव्हा मी कुकर बंद करायला उठले होते. उठताना स्क्रीन लॉक केली होती, ती सवय हाडात भिनलीय. परत येऊन बघते तर बाबा माझ्या खुर्चीत ताठ बसून टाइप करतायत. दहाही बोटं अगदी जागेवर. पासवर्डच्या चौकटीत ते कुणाचं तरी नाव, बापाचं नाव, गाव लिहीत होते आणि समोर नुसते काळे ठिपके उमटत होते. लॅपटॉप म्हणे चुकीचं आहे. बाबा न चिडता पुन्हा पहिल्यापासून लिहीत. असं ठरावीक वेळा चुकलं की लॅपटॉप स्वतःला कडेकोट बंद करून घेतो आणि एक लांबलचक आकडा मागतो. हा नियम आमच्याच टीमने लावलेला आहे. स्वतःचा आकडा स्वतः काढायचा नाही, हाही आमचाच नियम. तेव्हा मी पुण्याला फोन लावला, टीममधली एक मुलगी आकडे वाचत गेली, मी लिहीत गेले, आणि बाबा मागे उभे राहून म्हणाले, "त्यांना हळू सांगायला सांगा. घाईत चूक होते."

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये लाल ठिपक्यांच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या पारनेरकडच्या. त्यांना मी बजावून ठेवलं की मी उठले की बाबांवर लक्ष ठेवा. तरी आठवडाभरात पुन्हा तेच झालं. मावशींवर चिडले, तर त्या पिठाचे हात तसेच धरून म्हणाल्या, "ताई, मी कनिक मळत हुते. लई हाका मारल्या, आयकत न्हाईत ते. म्हनले, गेटवर मान्सं खोळंबल्यात. आता म्या काय त्यांचा हात धरू व्हय?"

यावेळी मॅनेजरांचा फोन आला. ते माझ्याहून वयाने लहान आहेत आणि बोलतात फार मऊ, त्यामुळे जास्तच राग येतो. "मॅडम, मला तुमची अडचण कळते. पण आता कस्टमरचं ऑडिट आहे. ज्यांनी नियम सांभाळायचे त्यांचाच लॅपटॉप लाल दिसला, तर मी काय उत्तर देऊ? आणखी एकदा झालं तर घरून काम बंद करावं लागेल. नाइलाज आहे माझा." भांडायला तोंड उघडलं, पण भांडू काय? हेच वाक्य मी रोज दुसऱ्यांना ऐकवते, तेवढ्याच मऊ आवाजात.

मग माझे उपाय सुरू झाले. उठायचं झालं की लॅपटॉप कपाटात घालून कुलूप. पाणी प्यायला उठा, कुलूप. बाथरूमला जा, कुलूप. बाबा कपाटापाशी उभे राहून दार हलवत राहायचे आणि घाबरेघुबरे व्हायचे. खोलीला आतून कडी घातली तर बाहेरून दार वाजवायचे, आणि मी इकडे कुठल्याशा बड्या साहेबाला सुरक्षिततेचं महत्त्व सांगत असताना तिकडे दणदण चालू. "मॅडम, तुमच्याकडे बांधकाम चाललंय का?" असं एकाने विचारलंही. नवऱ्याने एका दिवसाची रजा काढून, घरी येऊन एक जुना कीबोर्ड टेबलावर मांडून दिला. बाबांनी तो उचलला, वायर हातात धरून तिचं टोक पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "ही कशाला जोडलीय? मला काय खुळा समजतोस?" घरात पडलेला बंद लॅपटॉप दिला, तर त्यात उजेड नाही म्हणून दुरुस्तीला पाठवायला सांगितला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत. रागावू तरी कुणावर? ते चुकत नव्हते. ते आपली ड्यूटी करत होते, फक्त माझ्या टेबलावर.

आणि तरीही मी रागावत होते, रोज. त्यांच्यावर, मावशींवर, मॅनेजरांवर, तिकडे कोपरगावात निवांत साखर तपासणाऱ्या नवऱ्यावर. तो निवांत नसतो हे मला माहीत होतं, पण रागाला पुरावा लागत नाही.

ऑडिटच्या आठवड्यात एका सकाळी मावशींची दांडी होती. मी एका मोठ्या कामाच्या मध्यात होते, ढीगभर लॅपटॉपवर एक अपडेट सोडलं होतं आणि ते नीट चाललंय का बघत होते. तेवढ्यात गॅसवाला आला. दार उघडलं नाही तर तो सिलिंडर घेऊन सरळ पुढच्या गल्लीत जातो आणि मग पुढच्या खेपेपर्यंत वाट बघा. बाबा गॅलरीत डोळे मिटून बसलेले दिसले. मी स्क्रीन लॉक केली आणि धावले. कपाट, कुलूप, किल्ली हे सगळं त्या एका वेळेला राहिलं.

परत आले तेव्हा बाबा खुर्चीत होते. बोटं चालू होती. स्क्रीनवर सूचना होती की आता एकदाच संधी उरलीय, आणि चौकट काळ्या ठिपक्यांनी भरत चालली होती. पुण्याची खोली, वृद्धाश्रमाचं फाटक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी किंचाळलेच.

"हात काढा आधी. हात काढा तिथून."

बाबांनी हात उचलले. ते घाबरले नाहीत. खुर्चीतून उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे पाहिलं. कॅमेऱ्यावरच्या मीटिंगसाठी मी ते घालून बसते. त्यांनी फोटो पाहिला, मग माझा चेहरा पाहिला. मग अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, माझा पास संपला का?"

त्या क्षणी मी काहीही म्हणू शकले असते. बाबा, मी तुमची सून, चला चहा घेऊ, असं म्हणू शकले असते. पण माझं डोकं तापलेलं होतं.

"हो," मी म्हणाले. "संपला."

त्यांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना लगेच कळली. अनेक महिन्यांत मी सांगितलेली एवढी एकच गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात कळली. "मग मला इथं बसता येणार नाही," ते म्हणाले. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, आणि चालत उंबऱ्याबाहेर गेले. मी बसून ती चौकट रिकामी केली आणि बरोबर पासवर्ड घातला. लॅपटॉप उघडला. ठिपका हिरवा होता.

त्यानंतर बाबांनी लॅपटॉपला हात लावलेला नाही. माझं नाव विसरतात, मुलाचं विसरतात, सासूबाई गेल्या हे रोज विसरतात. पास संपलाय हे मात्र विसरत नाहीत. खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. ऑडिट पार पडलं. मीटिंगमध्ये मॅनेजरांनी माझं उदाहरण दिलं, की घरी कितीही अडचणी असल्या तरी नियम पाळता येतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले आणि कॅमेरा बंद केला. हवं होतं ते सगळं मला मिळालं आहे. आता मी कपाटाला कुलूप लावत नाही. चहा करायला, दार उघडायला, गॅलरीत कपडे वाळत घालायला खुशाल उठते, आणि परत येते तेव्हा माझी खुर्ची रिकामी असते.

बाबा रोज सकाळी चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालतात आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहतात. मी मान वर करेपर्यंत बोलत नाहीत. मग विचारतात, "मॅडम, माझा पास झाला का?"

आधी मी 'उद्या' म्हणायची. पण उद्याही ते येतातच. परवा मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हटलं, "तयार आहे बाबा. फक्त साहेबांची सही राहिलीय."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान आलं. आपल्याच खात्यातलं कुणीतरी भेटल्यावर येतं तसं.

"मग देऊ नका," ते म्हणाले. "सही झाल्याशिवाय कुणालाच देऊ नका." आणि दाराबाहेर मांडलेल्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, वाट बघत बसले.