वीस किलो गव्हाच्या कुरडया

त्या मंगळवारी वर्ध्याच्या दवाखान्यात आई सोबत आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांची पुलगावला ड्युटी, म्हणून ऐनवेळी त्याच निघाल्या... आणि मला वाटलं, आज जाऊच नये.

कारण समुद्रपूरच्या आमच्या घरात माझी ख्याती काय, तर पडून राहणारी सून. दोन वर्षं उदासीच्या गोळ्या सुरू होत्या, तरी महिनोन्महिने अंथरुणातून उठवत नसे. शाळेतल्या रजा संपल्या होत्या. मी आळशी आहे, नाटकी आहे, हे आता मलाही पटायला लागलं होतं. नोकरी सोडायचं ठरवून टाकलं होतं.

या डॉक्टर मॅडम नव्या होत्या. झोप, भूक, रडू... जगणं नकोसं वाटतं का, हेसुद्धा सरळ विचारलं. मी खरं सांगितलं. मग त्या आईंकडे वळल्या. ही बरी असते तेव्हा कशी असते?

झालं, म्हटलं, आता तक्रारींचा पाढा. पण परक्यासमोर घरची बाजू सावरणार नाहीत त्या आई कसल्या!

"बरी असली का लय कामाची हाये मॅडम. उन्हाळ्यात वीस किलो गव्हाच्या कुरोड्या केल्या हिनं, एकटीनं. आम्ही पाच जणी मिळून पाच किलोत थकतो. दोन तास झोपे, पण थकली म्हणून नाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. असं किती दिवस चाललं? दहा-बारा दिवस, आई अभिमानानं म्हणाल्या.

मग एकेक निघत गेलं. आमची गच्ची पुरेना म्हणून मी न विचारता शेजारणीच्या गच्चीवर चादरी अंथरल्या होत्या, ती बोलली तर तिच्यावरच धावून गेले होते. त्याच आठवड्यात शाळा कशी चालवायची हे हेडमास्तरांना सुनावून आले होते... आणि त्यानंतर चार महिने अंथरूण. हे मी कुठल्याच डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात माणूस दुखणं सांगतो, मला तर तेव्हा छान वाटत होतं.

बायपोलर असावं, मॅडम म्हणाल्या. कधी पार खचणं, कधी नको तितका जोर, दोन्ही एकाच आजारात. रक्त तपासलं, आणखी दोनदा बोलावलं, ह्यांच्याशीही बोलल्या, मगच पक्कं सांगितलं आणि औषध बदललं.

त्या मंगळवारी परतताना एसटीत आईंनी खिडकीजवळची जागा मला दिली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू पडून राहे तेव्हाबी बिमार, अन् कामामागं धावे-पये तेव्हाबी बिमारच. अन् मी एकदा बोलणी देल्ली, एकदा शाबासकी."

मी तिथेच रडले. पण ते रडणं हलकं होतं... मी वाईट नव्हते, आजारी होते. एवढं कळायला दोन वर्षं लागली.

आता सात महिने झाले. गोळ्या नियमित, शाळा सुरू. कधी एखादा दिवस जड जातो, पण जातो.

राहून राहून एकच वाटतं. आईंनी त्या दिवशी माझी तक्रार केली असती, तर पुन्हा उदासीच्याच गोळ्या घेऊन घरी आले असते. त्यांनी कौतुक केलं, म्हणून माझा आजार सापडला.