कुठं निघालाव?

मडिवाळप्पाला रेल्वेनं एक शिट्टी दिली होती, एक लाल झेंडी, एक हिरवी झेंडी आणि फाटकाचे दोन लांबलचक दांडे. गावात त्यातल्या एकाही वस्तूला कुणी भीक घालत नव्हतं. दांडा खाली आला की बैलगाडी थांबायची, जीप थांबायची, म्हशीसुद्धा शहाण्यासारख्या उभ्या राहायच्या. थांबत नव्हती ती फक्त दोन पायांची जात. कमरेत वाकायचं, दांड्याखालून निघायचं, रूळ ओलांडायचे आणि पलीकडं पोचल्यावर वर आप्पालाच म्हणायचं, "गाडी लई लांब हाय की अजून!"

लांब कसली डोंबलाची! उदगीरकडून येणारी गाडी वळणामागं लपलेली असते आणि दिसली की आलीच. आप्पानं हे बारा वर्षं ओरडून सांगितलं. शिट्टी फुंकून फुंकून त्याचे गाल दुखले. लोक हसायचे आणि वाकायचे.

शेवटी आप्पाला एक हत्यार सापडलं. ते रेल्वेच्या यादीत नव्हतं.

कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठं’ असं विचारायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विचारलं की काम नासलंच. मग माणसानं मागं फिरावं, जरा टेकावं, दोन घोट पाणी प्यावं, देवाचं नाव घ्यावं आणि नव्यानं निघावं. आप्पाच्या घरात कानडी, फाटकावर मराठी. पण हा ‘कुठं’ दोन्हीकडं सारखाच अपशकुनी. तर कुणी बंद दांड्याखाली वाकला रे वाकला की आप्पा फाटकालगतच्या आपल्या गुमटीच्या दारातून खणखणीत विचारायचा, "कुठं निघालाव?"

झालं! शिट्टीला न जुमानणारा गडी कपाळावर हात मारून मागं यायचा. आप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गुमटीपुढच्या दगडावर बसायचा. "टोकलंस ना? आण आता पाणी!" आप्पा माठातून तांब्या भरून द्यायचा. तेवढ्यात गाडी धाडधाड निघून जायची आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसत दांडा वर करायचा. "जावा आता निवांत. काम होतंय बघा."

ते साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ दाखवलेला, आणि टँकर उभा राहायचा रुळांच्या पलीकडं, शाळेपाशी. आप्पाला स्टेशनातून रोज दोन डबे पाणी मिळायचं, त्यातला दीड डबा गावाचे अपशकुन उतरवण्यात जायचा. त्याची बायको जगदेवी वैतागून म्हणायची, "गावाला तुम्ही टोकायचं आन् तहानेनं आम्ही मरायचं व्हय?" बायका तर इतक्या बिलंदर, की घशाला कोरड पडली की फाटक उघडं असतानाही उगाच वाकून उभ्या राहायच्या. "इचार की आप्पा, किती वेळ वाकून राहू?"

एकटी केवळाबाई ते पाणी प्यायची नाही. आप्पानं विचारलं की ती मागं फिरायची, घागरी खाली आपटायची, त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची आणि गाडी गेली की चालू लागायची. पाणी नाही, शिवी नाही. आप्पाला तिचं शिवी न देणंच फार लागायचं.

त्याला कारण होतं. आठ वर्षांमागं ‘कुठं’ हे आप्पाचं हत्यार नव्हतं, नुसती खोड होती. दिसेल त्याला विचारायचा, तोंडाला कुलूपच नाही. केवळाबाईचा नवरा शेषेराव लेकीची सोयरीक पक्की करायला जाणार होता, तेव्हा आदल्या दिवशी ती मुद्दाम गुमटीवर आली. "आप्पा, सकाळी आमचे मालक शुभ कामाला निघणार हायेत. तेवढा एक दिवस जबान आवर. तुला गळ्यातल्या लिंगाची आण हाय."

सकाळी शेषेराव आला. धुतलेलं धोतर, नवा पटका, हातात नारळ. फाटक बंद. आप्पानं शिट्टी फुंकली, लाल झेंडी हलवली. शेषेरावानं हसून मान हलवली आणि वाकला. ‘कुठं’ आप्पाच्या जिभेच्या टोकावर होतं. आण आठवली आणि त्यानं दात आवळले. गाडी वळणावरून आली. नारळ तेवढा न फुटता रुळांपलीकडं गडगडत गेला. आप्पानं त्या दिवशी शब्द पाळला, आणि त्या शब्दाची लाज त्याच्या पोटात आठ वर्षं तशीच होती. त्या आणेबद्दल तो कुणाला बोलला नाही. केवळाबाईही बोलली नाही. पण त्या तेराव्यानंतर आप्पा जो विचारायला लागला, तो थांबलाच नाही.

आता लातूर नवा जिल्हा झालेला. जो तो कागदाची पिशवी काखोटीला मारून कलेक्टर कचेरीकडं पळायचा. गावचा व्यापारी वीरण्णा तीनदा गेला, तीनदा आप्पानं टोकलं, आणि तीनदा साहेब जागेवर नव्हता. वीरण्णाचं टाळकं सरकलं. त्यानं रेल्वेकडं अर्ज ठोकला: ‘सदर गेटमन प्रवाशांस जाणूनबुजून टोकतो, त्यामुळे नवीन जिल्ह्यात गावाची कामे होत नाहीत.’ खाली एक्केचाळीस सह्या-अंगठे. एक अंगठा केवळाबाईचा. "त्याचा आवाज नगं मला," एवढंच ती म्हणाली.

चौकशीला साहेब आला. अर्ज वाचताना त्याला दोनदा खोकला काढून हसू लपवावं लागलं. मग तोंड कडक करून म्हणाला, "शिट्टी आणि झेंडी. याशिवाय तिसरं काही नाही. पुन्हा तक्रार आली तर नोकरी गेली समजा. करा इथं सही."

आप्पानं सही केली. साहेब जीपकडं निघाला तेव्हा ‘कुठं’ ओठांवर आलंच होतं. जगदेवीनं मागून सदरा ओढला म्हणून वाचला बिचारा.

दुसऱ्या दिवशी फाटकावर जत्राच. वीरण्णा बंद दांड्याखालून ऐटीत वाकून गेला आणि पलीकडून ओरडला, "आप्पा, कसं गार गार वाटायलंय!" त्याच्या मागून आणखी चौघं. आप्पा शिट्टी फुंकत राहिला. आज ना उद्या कुणीतरी जाणार, आणि आपण सही करून बघत उभे राहणार, हे त्याला दिसत होतं.

दहाच्या सुमाराला शाळेपाशी टँकरचा भोंगा वाजला. फाटक मालगाडीसाठी बंद होतं. केवळाबाई दोन घागरी घेऊन धावत आली. आप्पानं शिट्टी फुंकली. ती वाकली. आप्पानं शिट्टी फेकली, तोंड उघडलं, नोकरी गेली खड्ड्यात म्हणाला मनात. पण आठ वर्षांमागं आवळलेले ते दात जणू आत्ताच आवळले होते. आवाज फुटेना.

दांड्याखाली अर्धी वाकलेली केवळाबाई थबकली. काहीतरी चुकत होतं. ती तशीच वाकून कान देऊन राहिली. मग घागरी ओढत झटकन मागं सरली.

"का रं आप्पा?" ती ओरडली. "इचारत न्हाईस?"

मालगाडी वळणावरून आली. छत्तीस डबे, मोजून घ्या, दोघांच्या समोरून धडधडत गेले. धूळ बसली तेव्हा केवळाबाईचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मना केलंय, वैनी," आप्पा कसाबसा बोलला. "तुमचाबी अंगठा हाय कागदावर."

"जाळ त्यो कागद! अंगठ्याला काय कळतंय?" ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "एकदा गप बसलास तेवढं लई झालं. तेबी माझ्याच सांगण्यावरनं बसलास. इतकी वर्सं तुझ्यावर राग काढला, कारण माझ्यावर काढायला जमंना. इचार आता."

"गाडी गेली की, वैनी."

"गेली तर गेली. इचार म्हणते ना!"

आप्पानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "कुठं निघालाव, वैनी?"

"पाण्याला," केवळाबाई म्हणाली. तिनं घागरी खाली ठेवल्या, गुमटीपुढच्या दगडावर बसली आणि हात पुढं केला. "आण तुझा तांब्या."