आयोनने भरलेली वीस काडतुसं

पिस्तुलाची काडतुसं ऑर्वल स्टेनेरुडने चौतीस वर्षं स्वतः भरली. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून आला, की जेवणाआधी तासभर तो गॅरेजमध्येच. दुसऱ्याने भरलेली गोळी झाडायची नाही, हा मोंटानातल्या त्या गावच्या नेमबाजांचा नियम. अपवाद एकच, त्याची बायको आयोन. ती त्याचीच झाडायची.

यंदा नेहमीचे प्रायमर मिळेनात. पुंगळीच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टिकली ती. त्याने दुसऱ्या कंपनीची आणली. आणि वेगमापकावर आकडे नाचायला लागले. एक गोळी सेकंदाला नऊशे साठ फूट, पुढची अकराशे दहा. गेल्या शनिवारी तर एक फुसकी निघून नळीतच अडकली. आयोनने त्याचं मनगट धरलं नसतं, तर पुढच्या गोळीला पिस्तूल हातात फुटलं असतं.

“प्रायमरच भिकार!” ऑर्वल म्हणाला.

ते खरंच असू दे, असं आयोन आठवडाभर घोकत राहिली. कारण दुसरं कारण तिला दिसत होतं. आपण जेवलो का, हे तो हल्ली तिला दोनदा विचारायचा. बंदुकीची दारू घातली का, हे पुंगळीला कसं विचारणार?

गुरुवारी तो न्हाव्याकडे गेला, तेव्हा तिने वीस काडतुसं भरली. दहांना उरलेले जुने प्रायमर, दहांना नवे. दारू तीच, त्याच्याच वहीतल्या मापाने, दरवेळी काट्यावर तोलून. डब्यावर रीतीप्रमाणे भरणाऱ्याचं नाव घातलं.

शनिवारी खडीच्या खाणीतल्या मैदानावर ती झाडत होती, तो आकडे लिहीत होता. जुन्या दहांतले आठ, सगळे एक हजार पन्नासच्या आसपास. मग नवे. आता बिघड, ती मनात म्हणत होती, एकदा तरी बिघड. एक हजार साठ. त्रेसष्ट. अठ्ठावन्न. आठही तसेच.

“दहा-बारा फुटांचा फरक,” ऑर्वल म्हणाला. “चांगलेत की गं हे!” मग त्याने डबा फिरवून नाव वाचलं. “तू भरलीस? कधी शिकलीस?”

“चौतीस वर्षं कॉफी घेऊन तुझ्या मागे उभी राहत होते. काय डोळे मिटून?”

तो हसला. मग हसू गेलं. “म्हणजे दोष प्रायमरचा नव्हताच.”

तिला थर्मासचं झाकण निघेना. “नाही, ऑर्वल.”

त्याने वही मिटली. मग त्याने आपला भरलेला डबा पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. “झाडू नकोस हं. घरी जाऊन खोलून टाक सगळी. तुझी उरलीत का?”

“चार.”

चारही त्याने पिस्तुलात भरून झाडली. चारही नेमकी लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळात लागली. हात तसूभर हलला नाही. तिने आकडे वाचले, सगळे सारखे. क्षणभर तिला वाटलं, एवढं तरी त्याच्यापाशी राहील.

“पाचवी दे,” तो म्हणाला.

“चारच होती, अरे.”

“पाच होती.” पिस्तूल खाली न करता तो चिडून म्हणाला. “मी मोजली ना, आयोन!”

तिने हलकेच त्याचं मनगट धरलं.